ओली बाभूळ

"उस्ताद, ती पाचर ओली हाय. आत्ता बसंल, पर वाळली की निसटंल."

एवढंच बोललो मी. एवढंच बोललो आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

आमचे कवायतीचे उस्ताद, हवालदार काटकर, कुदळीच्या दांड्यात पाचर ठोकत होते. आम्ही चाळीस रंगरूट खंदक खणायला रांगेत उभे होतो आणि कुदळ दर चार घावांनी दांड्यातून सुटून पडत होती. उस्ताद घामाघूम झाले होते. कुदळीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मला गप्प बसायला काय धाड भरली होती? पण चुकीचं ठोकलेलं लाकूड बघितलं की माझ्या हाताला खाज सुटते. आज सत्तरी ओलांडली तरी सुटते.

"तुला रे काय ठाऊक ओली आहे ते?"

"वास येतोय की, उस्ताद. चार दिसांपूर्वी तोडलेली बाभूळ हाय ती."

उस्तादांनी हातोडा माझ्यापुढं धरला. मीही शहाणा, तो घेतला. तंबूची एक जुनी खुंटी पडली होती, तिची पाचर तासली आणि दोन ठोक्यांत बसवली. उस्तादांनी कुदळ दहा वेळा दगडावर हाणली. ती हलली नाही. मग त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा बाजारात बैल बघतात.

"सुतार आहेस तू."

मी मान खाली घातली. भरतीत मी हे लपवलं होतं. गावावरून कलेढोणकर असं आडनाव लावलं होतं. निघताना वडलांनी दहा वेळा बजावलं होतं, "केरबा, काय बी सांग, पर सुतार हाय म्हणू नगंस. सुतार म्हटलं की जो तो मोडकी खाट घिऊन येतोय." आणि मी दीड महिन्यात, कुणी न विचारता, तोंडानं ओकून मोकळा झालो.

आमच्या गावात घरटी एक शिपाई. त्यांचे वर्दीतले फोटो माझे वडील चौकटीत बसवायचे. लहानपणापासून मी दुसऱ्यांच्या फोटोंना काचा पुसल्या, खिळे मारले. आमच्या घरात मात्र एकही फोटो नव्हता. चीननं हल्ला केला, भरतीची दवंडी पिटली, तेव्हा मी तासणी टाकून पळालो ते त्या फोटोसाठी. वर्दी, हातात बंदूक, आणि चौकट वडलांच्या हातची. देशासाठी गेलो असं सगळ्यांना सांगत आलोय, तेही खोटं नाही, पण खरं खरं विचाराल तर फोटोसाठी गेलो.

नोव्हेंबरात लढाई थांबली म्हणे. पण उन्हाळ्यात बर्फ वितळलं की चीन परत येणार, असं जो तो म्हणायचा. आमची तालीम कापून पाच महिन्यांवर आणली होती. एका उजाड माळावर तंबू, मधे कवायतीचं मैदान, कडेला जेवणाचा लंगर. पहाटे पाचला बिगुल, बर्फासारख्या पाण्यानं दाढी, धावणं, मगभर चहा, कवायत, डाळ आणि तळव्याएवढ्या जाड रोट्या, पुन्हा कवायत. सगळं होतं, फक्त बंदुका नव्हत्या. होत्या तेवढ्या सरहद्दीवर गेलेल्या. चाळीस रंगरुटांत खऱ्या बंदुका पाच. बाकीचे बांबू खांद्यावर टाकून 'सलामी शस्त्र' करायचे. दुधाला निघालेल्या गवळ्यांची मिरवणूक बरी दिसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रांगेत फॉलिन झाले तेव्हा उस्ताद म्हणाले, "सुतार, तू नाही. तू शेडमध्ये."

पत्र्याची शेड होती. आत एक करवत, रंधा, दोन पटाश्या आणि बाभळीचे ओंडके रचलेले. कडेला एक खरी बंदूक साखळीनं बांधून ठेवली होती.

"ही बघ. हुबेहूब लाकडाची करायची. वजनसुद्धा तेवढंच हवं. पन्नास झाल्या की तू तुझ्या तुकडीत."

"वचन, उस्ताद?"

"हवालदाराला वचन मागतोस?" असं म्हणून त्यांनी मला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या.

मी जीव तोडून पन्नास केल्या. दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकतो त्या भागात, भोक पाडून भंगाराचे तुकडे भरायचे, वर खुंटी मारायची, मग जळकं इंजिन ऑइल पाजून काळं करायचं. लंगरच्या तराजूत एका पारड्यात खरी बंदूक, दुसऱ्यात माझी. काटा मधे उभा राहिला तरच पास. बावीस दिवसांत पन्नास! शाबासकी मिळाली, पाठीवर थाप मिळाली, आणि उस्ताद म्हणाले, "नवीन दोन तुकड्या आल्यात. अजून पन्नास."

 सैन्यात 'पण' म्हणायची सोय नसते.

मला सगळं सांगायला एकच माणूस होता, राणबा शेलार. माझ्याच तंबूतला. कोयनेकडचा, लाकूडतोड्याचा पोर, काटकुळा, दात पुढं. धरणाच्या पाण्याखाली त्याचं गाव गेलेलं, माणसं चार ठिकाणी पांगलेली. सुट्टीचा विषय निघाला की म्हणायचा, "मला कशाला सुट्टी? जायचं कुठं, पाण्यात बुडी मारून? पलटण हेच आता आपलं गाव."

तुकडीच्या बंदुका शेडमधून हत्यारांच्या कोठीत न्यायचं, मोजून ठेवायचं काम त्याच्याकडं होतं. संध्याकाळी जेवणाआधीची अर्धी घटका तो शेडच्या दारात यायचा आणि दिवसभरात जे शिकला ते मला शिकवायचा. ढलप्यांत पालथं पाडून बंदूक धरायला लावायचा.

"घोडा वढायचा न्हाई गड्या, पिळायचा. म्हशीच्या सडागत. हिसका दिलास की गेली गोळी तुझ्या मामाच्या गावाला."

बंदुकीच्या नळीवर तो तांब्याचा पैसा ठेवायचा. घोडा दाबताना पैसा पडता कामा नये. माझा पडायचा. त्याचा कधीच पडला नाही. पाच जणांना खरी बंदूक मिळे त्यात पहिला राणबा. उस्ताद म्हणायचे, या पोराचं बोट सोन्यात मढवा.

फेब्रुवारीत तुकडी पहिल्यांदा चांदमारीला निघाली. खऱ्या गोळ्या, माणशी पाच. मी आदल्या रात्री बूट तीनदा घासले. सकाळी रांगेत उभाही राहिलो, सगळ्यात मागं, मान आत ओढून. उस्तादांनी रांग मोजली, थांबले, परत मोजली.

"सुतार, बाहेर ये. निशाणाच्या तक्त्यांना चौकटी नाहीत. बारा चौकटी, दुपारपर्यंत."

चौकटी! देवानं पण चेष्टा करायची तर काही मर्यादा ठेवावी. ते गोळ्या झाडणार आणि मी त्यांच्यासाठी चौकटी ठोकणार. गावात तेच, इथं तेच. दिवसभर तिकडून धाड धाड आवाज येत होता आणि मी इकडं खिळे मारत होतो. संध्याकाळी राणबा हसत आला, पाचच्या पाच मधोमध लागल्या म्हणून सांगायला.

"जा रं," मी म्हणालो. "मला काम हाय."

"आरं, ऐक तरी..."

"जा म्हटलं ना!"

तो गेला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्यानं काय केलं होतं माझं? काही नाही. पण सगळ्या जगाचा राग काढायला जवळचाच माणूस लागतो.

त्याच आठवड्यात बाभळीची नवी गाडी आली. लाकूड इतकं ओलं की करवतीला पाणी सुटत होतं. असं लाकूड सहा महिने सावलीत ठेवल्याशिवाय माझ्या वडलांनी हातही लावला नसता. मी त्यातून दहा बंदुका केल्या. जाणूनबुजून. ओल्याचं वजन मुळातच जास्त, त्यामुळं भंगार थोडंच घातलं आणि तराजूचा काटा बरोबर मधे उभा राहिला. वर काळं ऑइल पाजलं. हिशेब सोपा होता. माळावरचं ऊन आणि वारा लागला की आठ दिवसांत दहाही वेड्यावाकड्या होतील, तडकतील, आणि उस्ताद म्हणतील, हा कसला सुतार, याला हाकला शेडमधून. बोलणी खाईन, फेऱ्या मारीन, पण सुटेन. राणबा आला, दहा बंदुका मोजून घेऊन गेला. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आठ दिवस झाले. काही नाही. दहा झाले, बारा झाले. मी शेडच्या फटीतून तुकडीची कवायत बघायचो. सगळ्या बंदुका सरळसोट, जणू सागाच्या. बाभळीनंसुद्धा माझ्याशी वैर धरलं होतं की काय! माझं डोकं फिरायची वेळ आली. रोज रात्री पडल्या पडल्या म्हणायचो, उद्या तरी तडका गं बायांनो.

तेराव्या दिवशी एक तडकली.

संगिनीचा सराव चालला होता. पेंढा भरलेली पोती टांगलेली, धावत जायचं, ओरडायचं, भोसकायचं. राणबानं भोसकलं आणि बंदूक मानेपाशी, बरोबर हाताच्या पकडीत, मोडली. मोडलेलं टोक त्याच्या उजव्या तळव्यातून आत शिरलं आणि पहिल्या बोटाच्या बुडाशी निघालं. मी शेडमधून पळत गेलो तेव्हा तो खाली बसून हाताकडं टकामका बघत होता. ओरडत नव्हता. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय न्हाई रं, कुसळ घुसलंय."

ते कुसळ वीतभर होतं.

दवाखान्यात टाके घातले. जखम भरली, पण बोटाची शीर तुटली होती. ते बोट परत वाकलं नाही. घोड्याचं बोट.

तीन आठवड्यांनी उस्ताद शेडच्या दारात उभे राहिले. "सुतार, शेलार अनफिट झाला. तुकडीत एक जागा रिकामी आहे. लंगरचा एक स्वयंपाकी करवत चालवतो म्हणतोय. उद्यापासून फॉलिन."

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा आनंद झाला. उस्तादांची पाठ वळली आणि मी ढलप्यांवर बसून माझं घोड्याचं बोट वाकवून बघत राहिलो. तरी सकाळी फॉलिन झालोच. चांदमारीला गेलो, पाच गोळ्या झाडल्या, पिळून, म्हशीच्या सडागत. चार लागल्या. कसम परेड, म्हणजे शपथ घेऊन पक्का शिपाई व्हायचा दिवस, सहा दिवसांवर होती. त्या दिवशी शहरातला फोटोवाला येणार होता.

परेडच्या तीन दिवस आधी राणबाला घरी पाठवायचं ठरलं. मी त्याला भेटायला गेलो. दवाखान्याच्या ओट्यावर पत्र्याची पेटी घेऊन बसला होता, गाडीची वाट बघत. दीड महिन्यात मी त्याच्याशी धड शब्द बोललो नव्हतो.

"कुठं जाणार?"

"थोरल्या भावाकडं. तिकडं मिरजेजवळ जमीन दिलीया त्यास्नी. काळी हाय म्हणं." तो हसला. "मला कुठं येतंय शेतात काय."

"पेन्शन तरी..."

"न्हाई. जबाबात सांगितलं, बंदूक माझ्या हातनं आदल्या दिशी दगडावर पडली. माझीच चूक. मंग पेन्शन कुठली?"

"दगडावर? कवा पडली?"

त्यानं मग डाव्या हातानं पेटीवर टकटक केलं. "केरबा, वाळलेलं लाकूड कसं वाजतंय? खणखण. आणि वलं? ठप्प. मी लाकूडतोड्याचा पोर हाय लेका. त्या दहा बंदुका मोजताना वाजवल्या. धाच्या धा ठप्प."

माझ्या कानशिलात कुणी मारावी तसं झालं.

"सुतार माणूस चुकून वलं वापरीत न्हाई," तो म्हणाला. "आणि उस्तादांच्या हातात एक जरी तडकली असती, तर तुला तुकडीत न्हाई, कोठडीत घातलं असतं. म्हणून नऊ लपवल्या. शेडमागं मोडक्यांचा ढीग हाय न्हवं लंगरच्या चुलीसाठी, त्यातनं नऊ बऱ्या काढून खिळे मारून कोठीत लावल्या. धावी काय मिळंना. मोजणीत एक कमी भरली असती. म्हणून खरी सोडून ती मीच वापरली. म्हटलं, जपून वापरू."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू बोलत हुतास व्हय माझ्याशी? म्हटलं, डोकं थंड झालं की आपणच यील सांगायला. वाट बघत हुतो मी." मग तो म्हणाला, "त्या नऊ शेडमागच्या भुशाखाली हायत. चुलीत घाल आणि विसर. आणि फोटो चांगला काढ."

गाडी आली. त्यानं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि गेला.

भुशाचा ढीग उकरायला मला अर्धा तास लागला. नऊच्या नऊ होत्या. धनुष्यासारख्या वाकलेल्या, मानेपाशी भेगा पडलेल्या. एकेक म्हणजे माझ्या हातची कबुली. लंगरची चूल वीस पावलांवर पेटलेली होती. मी तिथं उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. आत नऊ बंदुका घातल्या की तीन दिवसांनी फोटो. वडलांनी चौकटीसाठी साग काढूनसुद्धा ठेवला होता, तसं कार्ड आलं होतं. मला रडू येईना आणि हलताही येईना. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

शेवटी मी दोरीनं मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि सुभेदारसाहेबांच्या तंबूसमोर नेऊन आपटली. उस्ताद तिथंच होते.

"हे काय सरपण?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ओली बाभूळ, तराजू, राणबा, दगड. सुभेदारसाहेब ऐकत होते. उस्तादांनी एक बंदूक उचलून वाकलेल्या नळीवरून एक डोळा मिटून बघितलं.

"अक्कल आहे का तुला?" सुभेदारसाहेब ओरडले. "तीन दिवसांवर कसम आहे! शेलारचा जबाब झाला, सही झाली, विषय मिटला. आता का आलास मरायला?"

"साहेब, बंदूक दगडावर पडलीच न्हाई. कामावर असताना खराब सामानानं इजा झाली. त्याला पेन्शन मिळाया पायजे."

"मिळेल. आणि तुला काय मिळेल ते माहिती आहे?"

"व्हय, साहेब."

चौकशी झाली. मला अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. खरं तर सैन्यातून काढूनच टाकायचे, पण काटकर उस्तादांनी मेजरसाहेबांना सांगितलं की साहेब, घरी पाठवला तर रंधा मारून सुखी होईल, ही शिक्षा नव्हे. याला पहिल्यापासून रंगरूट करा. कसम परेडचा बँड मी कोठडीतून ऐकला. आमची तुकडी गेली. फोटो निघाले.

सुटलो तेव्हा एप्रिल संपत आला होता. मला एका कोऱ्या तुकडीत उभं केलं. मिसरूड न फुटलेली पोरं, डावा-उजवा कळत नव्हता. दोन दिवस दगडं वेचली, तिसऱ्या दिवशी कोठीतून लाकडी बंदुका वाटल्या. माझ्या हातात आली ती माझ्याच हातची होती, पहिल्या पन्नासांतली. मी बोटानं वाजवली. खणखण बोलली.

त्याच दुपारी जेवणाच्या रांगेत राणबाचं कार्ड मिळालं. अक्षर डाव्या हाताचं, उतरत खाली गेलेलं, थोडक्या मजकुरानं सगळं कार्ड भरलेलं.

'केरबास. पेन्शन चालू झाली, तेव्हा कळलं तू काय केलंस. गाढवा, मी बोट घालवलं ते काय तू कोठडीत बसावंस म्हणून? आता पुन्हा पहिल्यापासून फॉलिन हो आणि नीट शीक. कसम झाली की फोटो इकडं पाठव, इथं भिंत मोकळी आहे. चौकट तुझी तू कर, मला फक्त ओलं-वाळलं कळतं.'

मी रांगेत उभ्या उभ्या हसायला लागलो. आणि मग त्या पोरांच्या देखत, हातात ताट धरून, भोकाड पसरलं. आयुष्यात तसा रडलो नाही.

काटकर उस्ताद तिकडून आले. "काय झालं रे सुतार? घरी कुणी गेलं का?"

"न्हाई, उस्ताद. दोस्तानं शिव्या दिल्यात."

उस्तादांनी कार्ड घेतलं, वाचलं, परत माझ्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण स्वतः लावलं.

"मग बरं आहे," ते म्हणाले. "जेव लवकर. दोनला फॉलिन."